सरलाचं नाव कुठल्या कार्डावर

४ ऑगस्ट, सोमवार
शनिवारी सकाळी सरला नळावर गेली आणि मी तिच्या पिशवीत हात घातला. सत्तावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! आत बमरोलीच्या डॉक्टरची चिठ्ठी. तारीख आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यातली. म्हणजे छातीतली गाठ तिला तेव्हाच कळली होती. मला सांगितलं आषाढात. मधले दोन महिने ती कोणाशी बोलत होती? बमरोलीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिचा भाऊ धर्मेंद्र राहतो.
काल कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट तिनेच भाजले. मी काही विचारलं नाही. हात जोडताना नजर मात्र तिच्याकडेच जात होती.

६ ऑगस्ट
खाडा करून सरकारी दवाखान्यात गेलो. कॅन्सरच आहे, ऑपरेशन लवकर करा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खिडकीवर मोफत उपचाराचं गावचं कार्ड दिलं.
“काका, आ तो महाराष्ट्रनुं छे,” खिडकीतला पोरगा गुजरातीत म्हणाला.
इथल्या राज्याचं कार्ड असतं तर मोठ्या दवाखान्यात लगेच झालं असतं. नाही तर रांग. तारीख मिळाली दिवाळीनंतरची. इथल्या कार्डासाठी पत्त्याचा पुरावा लागतो, आणि घरमालक भाडेकरार करून देत नाही. चौदा वर्षं राहतोय त्याच खोलीत! “कागद केला की भाडोत्री मालक होतो,” म्हणतो. त्याचाही माझ्यावर संशय.

८ ऑगस्ट
आमच्या कापड रंगवायच्या मिलमधल्या डाइंग मास्तरची बायको वर्षाबेन. तिलाही हेच. होळीत गाठ सापडली, महिन्यात ऑपरेशन, आता मंदिरात पायी जाते. मला वाटायचं, तिचा आजार हलका असेल; मोठे लोक साध्या गोष्टीलाही मोठं नाव देतात. आज जेट मशीनपाशी मास्तरला सरळ विचारलं. त्याने मोबाइलवर रिपोर्ट दाखवला. कॅन्सरची दुसरी पायरी. सरलाच्या कागदावरही तेच लिहिलंय. मास्तर म्हणाला, “उशीर करू नका, पाटील.” त्याला सांगायला काय जातं! — पण चांगल्या मनाने म्हणाला.

१० ऑगस्ट, रविवार
धर्मेंद्र आला. केळी घेऊन! माझ्या लग्नात मांडवातून उठून गेलेला माणूस.
“दाजी, माझं इथलं कार्ड आहे. ताईचं नाव त्यात चढवतो. फक्त ती माझ्याकडे राहते असं दाखवावं लागेल.”
“लग्न झालेली बाई भावाच्या कार्डात कशी?”
तो केळं सोलत बसला. मग म्हणाला, “नवऱ्याने टाकली असेल तर चालतं. तुम्ही तसं लिहून द्यायचं.”
मी उठून बाहेर गेलो.

११ ऑगस्ट
ह्याला आज एवढी माया का? लग्न मोडायचं त्याच्या मनात होतंच. आता माझ्याच सहीने मोडणार. आणि सरला गप्प का बसली?

१२ ऑगस्ट
पाळी संपवून आलो तर ती फोनवर बोलत होती. “भाऊ, त्यासले नको सांगू.” मला पाहताच फोन ठेवला.

१३ ऑगस्ट
गळ्यात माळ घालून खोटं लिहायचं. तेही असलं.

१५ ऑगस्ट
सुटी. चहा झाल्यावर विचारलंच — काय नको सांगू?
ती आधी हसली. “तुमले काय वाटस, मी पळी जासू? ह्या वयात कोण लई जाई मले!”
मग ओढणीसारखा पदर घट्ट ओढून बसली. काख दुखते आता. तिथेही गाठ आलीय, गेल्या आठवड्यापासून. ते नको सांगू म्हणत होती. आणि आखाजीला मला का नाही सांगितलं? तेव्हा ठेकेदार माणसं कमी करत होता. माझे खाडे पडले तर मला काढतील, म्हणून ती भावाला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरने मलम दिलं. तिने ते दोन महिने चोळलं.
मी म्हटलं, “अशी सही केली तर लोक काय म्हणतील?”
“लोक तुमले म्हणतील. मले तर बिचारीच म्हणतील!”
हसू आलं. 

१७ ऑगस्ट
आज दिवसभर धर्मेंद्रचाच विचार. त्याच्यावर अजून भरवसा बसत नाही. तो बसेपर्यंत थांबलो तर दिवाळी येईल.

१९ ऑगस्ट, मंगळवार
सही केली. वकिलाने मोठ्याने वाचलं — पती दोन वर्षांपासून नांदवत नाही. सरला बाजूलाच उभी होती. माझं पेन चालेना, तर तिने स्वतःचं दिलं. पत्ता तपासायला माणूस येतो म्हणे, म्हणून कपड्यांची पिशवी घेऊन ती वकिलाकडूनच बमरोलीला गेली. दवाखान्यात जवळचा नातेवाईक म्हणून धर्मेंद्र सही करील. मला भेटायच्या वेळेत, इतर लोकांबरोबर जाता येईल.