‘घे’ म्हणेपर्यंत

मास्तर, तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं उलटून गेली, आणि आज मी तुमच्यावर चिडलोय. नात मला तिची जिम दाखवायला मानपाड्याला घेऊन गेलेली. भिंतभर आरसे, गार हवा, नावं माहीत नसलेली यंत्रं. एक जवान पोरगा बार खांद्यावर घेऊन खाली बसला, तर त्याचा शिकवणारा पहिल्या बैठकीपासूनच बाराला बोटं लावून उभा! "तुझंच आहे, तुझंच आहे," असं ओरडतोय आणि निम्मं वजन स्वतःच उचलतोय. एरवी मी हसलो असतो. आज नातीला म्हटलं, चल बाई, घरी जाऊ.

आपल्या कल्याणच्या व्यायामशाळेत होतं काय? पत्र्याची शेड, शेणानं सारवलेली जमीन, मारुतीची तसबीर. भंगारातून आणलेला एक लोखंडी दांडा आणि पत्र्याच्या गोल साच्यात सिमेंट ओतून तुम्ही स्वतः केलेली चाकं. एकावन्न-बावन्न साल असेल. तुम्ही दिवसभर शाळेत भूमिती शिकवायचात आणि संध्याकाळी लंगोट लावून आमच्यात उभे राहायचात. तीनच गोष्टी: वजन खांद्यावर घेऊन बैठक, जमिनीवरून उचलणं, डोक्यावर नेणं. पाच वेळा, म्हणजे पाचच वेळा. आठवडा झाला की वजन तसूभर वाढवायचं, आणि घरी जाऊन भिजवलेले चणे खायचे. मी तेव्हा नुकताच कचेरीत कारकून म्हणून लागलेलो, अंगात मस्ती. म्हणालो, "मास्तर, काहीतरी नवीन शिकवा की." तुम्ही दांड्यावरची धूळ पुसत विचारलंत, "जुनं आलं का?" सगळे हसले. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

आणि तो नियम. बैठका मारणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोघं उभे, हात बाराखाली उघडे, पण बाराला बोट लागता कामा नये. तो स्वतः ‘घे’ म्हणाला की घ्यायचं, त्याआधी नाही. ‘घे’ म्हणण्यात लाज नाही, हेही तुम्हीच सांगायचात. एकदा मिठागरावर काम करणारा आपला गडी पाचव्या बैठकीला अर्ध्यावर अडकला. मान लालबुंद, पाय थरथरताहेत. मला बघवेना, मी बार धरला. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. नुसतं म्हणालात, "तो उठला असता की नाही, हे आता त्याला कधीच कळणार नाही. ते तू खाल्लंस." महिनाभर मला वजनाला हात लावू दिला नाहीत. रोज यायचं आणि दुसऱ्यांच्या बाजूला हात उघडे धरून उभं राहायचं. महिन्याच्या शेवटी तुमच्या बैठकांना मलाच बाजूला उभं केलंत, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पुढे दोन-तीन वर्षांनी तुमच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ज्या माणसाच्या आवाजावर वीस जण श्वास घ्यायचे, तो माणूस स्वतःच्या बायकोकडे, आमच्या काकूंकडे, पाणी मागू शकत नव्हता. मी रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी तुमच्याकडे यायचो, अंग पुसायला मदत करायचो, पेपर वाचून दाखवायचो. त्या दिवशी काकू म्हणाल्या, "आलास ते बरं झालं, मी पाण्याला जाऊन येते." वाड्यातल्या बायका सगळ्या विहिरीवर. मी पेपर उघडतोय तोच तुम्ही खाटेवरून पाय खाली सोडता. डाव्या हातानं उजवा पाय ओढून नीट ठेवता. दोन्ही पावलं खांद्यांइतकी लांब, बोटं किंचित बाहेर, अगदी बैठकीला ठेवतात तशी. मला कळतं. मी पेपर टाकतो, तुमच्या बाजूला येतो, हात उघडे धरतो.

तुम्ही उठता. अहो, खरंच उठता मास्तर! कंबर खाटेवरून सुटते, गुडघे थरथरतात, अर्ध्यावर येता आणि अडकता. तुम्ही माझ्याकडे बघता. ओठ हलतात, घशातून काहीतरी आवाज येतो. आणि मी काय करतो? "अजून थोडं, मास्तर, अजून थोडं!" असं म्हणत तसाच उभा राहतो. बिनडोक माणूस! ज्याची वाचा गेली आहे तो ‘घे’ कुठून म्हणणार? हे एवढंसं माझ्या डोक्यात आलं तेव्हा तुम्ही जमिनीवर होतात. खुब्याचं हाड मोडलं. सव्वा महिन्यात तुम्ही गेलात.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलोय की मी तुमचाच नियम पाळला, म्हणजे चूक तुमची. चिडलोय ते म्हणूनच. पण आज जिममधून आल्यापासून बसून विचार करतोय, आणि ते काही खरं नाही. तुमचे डोळे मला कळले होते. वाचता येत होते. पण तुम्हाला उभं राहिलेलं बघायची मला इतकी हाव सुटली होती, की मी कळून न कळल्यासारखं केलं.

आणि एक राहिलं. काकू घागर घेऊन दारात आल्या तेव्हा मी तुमच्याजवळ बसलेलो. त्यांनी विचारलं, "अरे, हे कसं झालं?" तर मी म्हणालो, "मी जरा मागच्या दारी गेलेलो, आलो तर हे पडलेले." तुम्ही ऐकत होतात. माझ्याकडे बघत होतात. बोलता येत नव्हतं म्हणून बोलला नाहीत, की येत असतं तरी बोलला नसतात, देव जाणे. काकूंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. त्या म्हणाल्या, "तुझं काय रे, मीच पाण्याला जायला नको होतं." तुमच्यामागे त्या एकवीस वर्षं जगल्या. दर दिवाळीला मी फराळाला जायचो आणि त्या हेच म्हणायच्या, मीच पाण्याला जायला नको होतं. मी दर वेळी मान खाली घालून ऐकलं, चकली संपवली आणि घरी गेलो.