हाड वाढलं होतं, असं सांगितलं

६ मे
पेपर तपासून झाले. गठ्ठे दिले. नागपूरच्या ऑपरेशनची तारीख पक्की, तेरा. घरी काय सांगायचं ते ठरत नव्हतं. स्टाफरूममध्ये सुनंदानं आयतं दिलं: तिच्या दिराचं नाकाचं हाड वाढलं होतं, तसंच सांग. श्वासाचा त्रास म्हटला की कोणी पुढे विचारत नाही. सु. इंग्रजी शिकवते. असलं तिला पटकन सुचतं.

संध्याकाळी कामठ्याला घरी फोन. आईनं उचलला, बाबांना दिला.
"नाकात हाड कुठी रायते?"
असतं, म्हटलं.
"करून घे मंग. श्वासाची गोठ आहे."
एवढंच. फारच सोपं गेलं.

८ मे
नागपूरच्या डॉ.नी पहिल्या भेटीत विचारलं होतं, श्वासाला काही अडचण? नाही म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. कोणी करायला सांगितलं का, लग्न वगैरे? तेही नाही. मग का? नाक रुंद आहे, म्हटलं. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "आहे."
ऐकून बरं वाटलं. चौतीस वर्षं सगळे म्हणत आले, कुठे रुंद आहे.

११ मे
कारण इथं तरी लिहावं.
कॉलेजनं तासांचं रेकॉर्डिंग करायला सांगितलं होतं. फोन टेबलावर, पुस्तकांना टेकवून. कॅमेरा खालून. चाळीस मिनिटं पडद्याच्या मधोमध दोन नाकपुड्या. काय शिकवत होते आठवत नाही. ते रेकॉर्डिंग नंतर वीसेक वेळा पाहिलं, आवाज बंद करून.
पण तेवढ्यानं कोणी कापून घेत नाही. त्याआधी कामठ्याची शाळा. नवे गुरुजी, पहिला दिवस. मी उभी राहिले. "मिस्त्रीची ना तू? नाव नको सांगू." वर्ग हसला. बाबा राईस मिलचे मिस्त्री, नाक गावाला पाठ. घरी येऊन रडत सांगितलं. बाबा इतके खूश, की चार दिवस मिलमध्ये सगळ्यांना सांगत होते.
त्यांना ते शोभतं. कोंड्यानं पांढरं झालेलं, मोठं, कामाचं नाक.
मला

१३ मे, नागपूर
सकाळच्या गाडीनं. सु. सोबत. डॉ.नी आरशापुढे बसवून जांभळ्या पेननं दोन्ही नाकपुड्यांच्या मुळाशी बारीक फाका आखल्या. काढायचं ते लिंबाच्या बीएवढं. "कमी काढलं तर पुन्हा काढता येतं. जास्त काढलं तर लावता येत नाही." सही केली.
भूल नाकापुरती. कान जागे होते. कात्रीचा आवाज जाड कापडावर यावा तसा. एक नर्स दुसरीला मुलीच्या शाळाप्रवेशाचं सांगत होती. मिळाला की नाही ते कळायच्या आत टाके संपले.
काढलेलं पाहायला मागणार होते. मागितलं नाही.

१४ मे, मुर्री
खोलीवर. कूलर, तीन उशा. हसायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. सु. म्हणाली, "हसायची तुला सवय कुठं आहे."
मराठीत नाकाचे वाक्प्रचार पंचवीस तरी असतील. दरवर्षी शिकवते. एकही उपयोगाचा नाही.

१६ मे
आई-बाबा न सांगता आले. भर उन्हात मोपेडवर, तोंडाला दुपट्टे बांधून. पिशवीत गावरान आंबे. जिना चढून बाबा दारातच थांबले.
"कसं वाटून राहिलं? मोकळं झालं काय?"
मान हलवली.
"असा येते ना आता?" म्हणून त्यांनी स्वतःच एक लांब श्वास घेऊन दाखवला आणि त्यांना ढास लागली. पाणी दिलं तरी थांबेना. कोंडा आहे, म्हणाले. उन्हाळी धान येऊन राहिला, मिलला सुट्टी नाही.
मोपेड सावलीत लावायला खाली गेले तेव्हा आई जवळ आली. "हाड तर आतमंदी रायते. टाके बाहेरून काऊन?"
तिनं वाकून नीट पाहिलं.
"लहान केलं."
मी उशी सरळ केली.
"त्याले सांगू नको." हातपंखा हलवत राहिली. मग म्हणाली, "मायं नाक होतं ना घरात, बारीक. घ्याचं होतं तर पोटात होती तवाच मायं घ्याचं."
हसू आलं. टाके ओढले.

२० मे
टाके निघाले. डॉ. म्हणतात सूज आहे, तीन महिने आरशाचं ऐकायचं नाही. अरुंद दिसतं. चांगलं दिसतं. हे लिहायला लाज कशाची?
डावीकडून श्वास किंचित अडतो. सूज असेल.

२४ मे, कामठा
बाबा मिलमध्ये घेऊन गेले, मालकाला भेटायला म्हणून. तिथं दिवाणजी, हमाल, सगळ्यांना सांगत होते. पोरीनं हाड काढलं नागपूरले. आता श्वास एकदम साफ. "दाखव बेटा." मी सर्वांसमोर नाकानं श्वास घेतला. मशीनच्या पट्ट्याचा आवाज एवढा, की कोणाला काय ऐकू येणार.
"आयकलं?" बाबा म्हणाले.
एक नवा ड्रायव्हर तिथं पोत्यावर बसला होता. "मिस्त्री, ये कौन है?"
"माही पोरगी."
"लगती नहीं."
बाबा हसले. "सूज आहे अजून."

२९ मे
बाबांचा फोन. ते सहसा करत नाहीत.
"मले घेऊन चाल तुया डाक्टरकडे."
कशाला?
"मायंही हाड वाढलं असंल. मले दम लागून राहिला दोन वर्स झाले. तू सांगितलं नसतं तर मले मालूमच पडलं नसतं. नाक तर एकच आहे आपलं. तुयं वाढलं तर मायं वाढलंच असंल."
यात चूक काढायला जागा नाही. विचारून सांगते, म्हटलं.

२ जून
आईकडून कळलं. बाबांनी गावच्या डॉक्टरच्या दमाच्या गोळ्या बंद केल्या. पातळ औषधही. म्हणतात, हाड काढलं का सगळंच जाते, पोरीचं नाही गेलं? आंगणातून विहिरीपर्यंत गेले की दम लागून बसतात. विहीर पन्नास पावलांवर.
"तूच सांग त्याले आता," आई म्हणाली. "मायं आयकत नाही."
खरं आहे, ते माझं ऐकतात. मोतीबिंदूच्या वेळी आईनं आठ दिवस समजावलं. मी एक फोन केला, दुसऱ्या दिवशी गेले. म्हणाले, पोरगी शिकली आहे, खोटं कायले सांगंल.
सु.ला सांगितलं. "मग सांगून टाक. नाकच आहे, खून नाही केलास."
वाक्य करून पाहिलं. बाबा, मला श्वासाचा त्रास नव्हता. यापुढे ते विचारणार, मग काय होतं? तिथं अडकते. दुसरं वाक्य येत नाही म्हणून पहिलं सांगता येत नाही.

६ जून, कामठा
सांगायला गेले होते. बाबा नागपूरला निघायला तयार होते. मालकाकडून दोन दिवसांची रजा घेतलेली. खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट. दाढीही केली होती, नाकाजवळ डॉक्टरले नीट दिसलं पायजे म्हणून.
मी म्हटलं, डॉक्टर बाहेरगावी गेलेत. महिनाअखेरीला येतील.
हे मी म्हटलं. काहीही ठरवलं नव्हतं, तोंडातून तयार निघालं. आई चुलीपाशी होती, तिनं वळूनही पाहिलं नाही.
"असू दे," बाबा म्हणाले. "एवढे दिवस काढले." शर्ट घडी करून पेटीत ठेवला.
गोळ्या तोवर घ्या म्हटलं. हो म्हणाले. घेणार नाहीत.

११ जून
सकाळी बाबा मिलमध्ये पट्टा चढवताना खाली बसले ते उठेनात. ओठ काळे पडले होते म्हणे. हमालांनी घरी आणलं. मी ऑटो करून गेले आणि थेट गोंदियात छातीच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत बाबांनी विचारलं, हा तुया डाक्टर काय? नाही, हा दुसरा. बरं.
नळीत फुंकायला लावलं. फुंका काका, फुंका, अजून, अजून. बाबांचे डोळे बाहेर आले. मग फोटो काढला छातीचा.
"किती वर्षं कोंड्यात?"
"एकतीस. पर साहेब, छातीचं नाही हे. नाकाचं हाड आहे. हिचं काढलं नागपूरले, पाहा ना तुमी."
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही. नाकपुड्यांजवळच्या त्या दोन घड्यांकडे, जिथं अजून लाल आहे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.
"ते वेगळं, काका," ते म्हणाले. "त्याचा श्वासाशी संबंध नाही. ते दिसण्यासाठी करतात. तुमचं फुप्फुसाचं आहे."
सहज म्हणाले. लपवलेलं आहे हे त्यांना कसं कळणार.
"बरं," बाबा म्हणाले.
पंप लिहून दिला. सकाळी दोनदा ओढायचा, संध्याकाळी दोनदा, कायमचा. मिलवर जाणं बंद. गावची गोळी बंद केली नसती तर इतकं वाढलं नसतं, असंही म्हणाले. ते मला उद्देशून नव्हतं.
परतताना ऑटोत बाबा फोटोचं मोठं पाकीट मांडीवर उभं धरून बसले होते. आमच्या मधोमध.

१२ जून
आईला फोन. "जेवला. झोपला. बोलला नाही."
काही म्हणाले का माझ्याबद्दल?
"तुयं नावच घेतलं नाही."

१५ जून, कामठा
बोलतात. आईशी. धानाच्या रोपांचे पऱ्हे कोणाचे निघाले, मिलवर आता कोणाला ठेवलं. मी विचारलं तर हो, नाही. तोंडाकडे पाहत नाहीत. माझ्या खांद्यापाशी कुठंतरी पाहतात.
पंपाचा डबा कोनाड्यात. उघडलेला नाही. बाबा, दोनदा घ्यायचा आहे, सकाळ-संध्याकाळ.
"हो."
निघेपर्यंत घेतला नाही. आई दारापर्यंत आली. "मी सांगतो तर तुया बाप म्हणते, तुले काय समजते. तू सांगते तर आयकूनच घेत नाही. आता आनू कोनाले?"

१९ जून
कॉलेज सुरू. पोरांना काही कळलं नाही. एका मुलीनं विचारलं, मॅम, वजन कमी केलं का? हो म्हटलं.
वर्गात प्रथमच फळ्याकडून वळताना हात नाक झाकायला गेला नाही. तास चांगला झाला. घरी येऊन आईला फोन केला. पंप तसाच. काल बाबा अंघोळीहून आल्यावर दहा मिनिटं खाटेच्या दांडीला धरून उभे होते.
डावी नाकपुडी अजून अडते. कोणाला सांगू.

२२ जून
रविवार. साडेदहाला दार वाजलं. बाबा. एकटे, एसटीनं आलेले. आईला माहीत नाही, म्हणाले. जिना चढून आले होते, पाच-सात मिनिटं बोलता येईना. छातीतून दार घासल्यासारखा आवाज. खुर्ची दिली. पाणी घेतलं.
मग खिशातून पंपाचा डबा काढून टेबलावर ठेवला.
"हे तरी श्वासाचंच आहे काय?"
हो.
"खऱ्याचं?"
खरं आहे, बाबा.
"दाखव."
कसा हलवायचा, कसा धरायचा, ते दाखवलं. दाबताना आत ओढायचं. त्यांनी हातात घेतला, उलटसुलट पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. अकरा तारखेनंतर पहिल्यांदा, सरळ, नाकाकडेच. मिलमध्ये कुठल्या चाकात आवाज आहे ते शोधताना पाहतात तसं. घाई नव्हती.
"दुखलं काय?"
नाही, म्हटलं. मग म्हटलं, हो. चार-पाच दिवस.
त्यांनी मान हलवली. पंप तोंडाला लावला. बोट वर ठेवलं. दाबलं नाही. काढून परत मांडीवर घेतला.
"काय वाईट होतं त्याच्यात?"
माझ्या जुन्या नाकाबद्दल विचारत होते. ते समोर होतं, त्यांच्या चेहऱ्यावर. घाम आलेलं, श्वासासरशी फुलणारं.
बाबा, आधी दोनदा ओढून घ्या. मग सांगते.
"आधी सांग."
आवाज चढवला नाही. रागही दिसला नाही. पंप दोन्ही हातांत धरून बसले.
चहा ठेवते म्हणून आत आले. वही ओट्यावर होती, म्हणून आधी हे लिहिते आहे. पाणी उकळून अर्धं झालं आहे. बाहेरून त्यांचा श्वास ऐकू येतो.