टुटूची लांबी

३ डिसेंबर
आज एका वाक्यात स्वतःचा गळा कापून घेतला. वर्षाली दुकानात आली, म्हणाली, टुटू शिवता येईल का? मी म्हटलं, त्यात काय!
टुटू म्हणजे काय, ते ती गेल्यावर मोबाईलवर पाहिलं. बॅले नाचताना घालायचा जाळीचा झगा.
वर्षाली वरच्या मजल्यावरच्या डान्स क्लासात पोरींना शिकवते. बॅले शिकली ती व्हिडिओ पाहून आणि नागपूरच्या एका शिबिरात. पाच जानेवारीला अकोल्यात निवड फेरी आहे, नंतर नागपुरात शेवटची. निवड झाली तर वर्षभर फुकट शिक्षण. तिनं आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागितली आहे, असं ती म्हणते. मीही एकच मागितली आहे, पण ते तिला अजून सांगितलेलं नाही.
दुकान गोवर्धनमामाचं, राजापेठेत. शाळांच्या गॅदरिंगचे ड्रेस भाड्यानं. मावळे, पऱ्या, वांगी, वाघ. कॉलेज सोडल्यापासून मी सकाळी बाबांच्या शेतातली झेंडूची पोती उचलतो आणि दिवसभर वाघांच्या शेपट्या शिवतो. सोडलं म्हणजे काय, व्हायवात सरांना "तुमालेच येत नाही" म्हटलं आणि दार आपटून निघालो. हँडल हातात राहिलं. ते वलगावला घरी खिडकीत ठेवलेलं आहे. बाबा पाहुण्यांना दाखवतात – आमच्या गजेंद्रची डिग्री!

५ डिसेंबर
दिवसभर टुटूबद्दल वाचलं. इंजिनिअरिंगचं एक पान असं वाचलं असतं तर!
दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये हा झगा चांगला पोटरीपर्यंत होता. पांढरा, घंटेसारखा, मलमलीचे थर. घोटे दिसतात म्हणून तेव्हाही लोक बोंबलले होते म्हणे. स्टेजवर गॅसचे दिवे. एका नाचणाऱ्या पोरीचा झगा पेटला आणि ती गेली. कापड पेटू नये म्हणून औषधात बुडवायची सोय होती, पण त्यानं ते ताठ आणि पिवळट व्हायचं. तिनं नको म्हटलं होतं. पुढे इटलीच्या बायका पायांची अवघड कामं करायला लागल्या. ती लोकांना दिसावीत म्हणून झगा गुडघ्यावर आला, मग मांडीवर. शेवटी आत तार घालून ताटासारखा आडवाच झाला.
मामाला फोटो दाखवला. त्यानं चष्मा वर केला, खाली केला. "काही नाही बे. घागऱ्याच्या आतली कॅनकॅनची जाळी बाहेर आली अन् घागरा घरी राह्यला."

८ डिसेंबर
पांढरी नेट आणली. थर लावायला बसण्याआधी चहाला गेलो तर शुभम भेटला. शाळेपासूनचा दोस्त, आता अकोल्याला असतो. म्हणाला, "तुई वर्षाली चड्डीवर नाचून राहिली म्हने आमच्या अकोल्यात? सगळे पोट्टे येतीन मंग, समोरच्या लाईनीत."
त्याचा चहा त्याच्याच शर्टावर ओतला. दोस्ती गेली, चहाही माझ्याच खात्यावर.
रात्री जेवणात लक्ष नव्हतं. समोरची लाईन दिसत होती.

११ डिसेंबर
तिचं माप घेतलं. कंबरेचं घेताना टेप दोनदा हातातून पडला. मग गंभीर चेहरा करून व्याख्यान दिलं. असली टुटू लांबच. पॅरिसची. आखूड ही नंतरची फॅशन. आपण मूळ पद्धतीनं जाऊ, परीक्षकही खूश.
तिनं डोळे मोठे केले. "तुले लई माहीत हाय रे!"
राजापेठ ते वलगाव गाडी कशी चालवली, आठवत नाही.

१२ डिसेंबर
खोटं बोललो नाही. फक्त पुढची पन्नास-साठ वर्षं सांगितली नाहीत.

२० डिसेंबर
झाली ट्रायल, वर तिच्या क्लासात. संपलो.
झगा सुंदर झाला होता, ते मीच म्हणतो. पोटरीच्या खालपर्यंत, ढगासारखा. वर्षाली पंज्यावर चढली, गिरकी घेतली, तिच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. मग ती पायांचं ते अवघड काम करायला लागली, ज्यासाठी ती चार महिने घाम गाळते आहे. काही दिसेच ना. एक पांढरी घंटा इकडून तिकडे सरकत होती. एकदा नेटमध्ये अंगठा अडकून ती पडता पडता राहिली.
तिनं मोबाईलवर शूटिंग पाहिलं. पोरींना घरी पाठवलं. मग माझ्याकडे वळली.
"आखूड कावून झाली, हे वाचलं होतं ना तू?"
मी म्हटलं, वाचलं होतं.
"मंग?"
तेव्हा तरी गप्प बसावं! पण आपलं डोकं म्हणजे भर उन्हातली टिनाची चादर. मी ओरडलो की तुझ्यासाठीच केलं, अकोल्याचे पोट्टे कसे असतात तुला माहीत नाही, समोरच्या लाईनीत बसतात, काय काय बोलतात.
ती ओरडली नाही. "माहे पाय झाकून राह्यला होता का तुये डोये, गजू? तुये डोये मिटाचे असन तर मीट. माहे पाय कामाचे हायेत."
झगा उतरवून खाली दुकानात काउंटरवर ठेवला, घडी घालून. घडी घातली म्हणूनच जास्त लागलं.

२१ डिसेंबर
तिनं मामाला नमस्कार केला. माझ्या शेजारच्या वाघालाही पाहिलं. मला नाही.

२३ डिसेंबर
त्या पेटलेल्या पोरीचं सारखं मनात येतं. तिनं चूक केली असेल, पण कापड तिनं स्वतः निवडलं होतं. मी वर्षालीला विचारलं तरी का? औषधात बुडवून, पिवळी करून, वर "असली" म्हणून विकली.
फार शहाणा झालो. चार दिवस आधी झालो असतो तर उपयोग होता.

२४ डिसेंबर
झगा आखूड करायला घेतला. आमच्या दुकानाचा नियम – कापायचं नाही, दुमडायचं. आज चौथीतल्या परीला बसणारा फ्रॉक पुढच्या वर्षी सातवीतल्या परीला द्यायचा असतो. म्हणून मीही दुमडला. प्रत्येक थर, आतून टाके घालून, मध्ये गोल तार ओवून. दुपारी पुतळ्यावर चढवला तर टुटू कसली, कंबरेला गोधडी गुंडाळलेली! वजनानं तार खाली वाकली.
मामानं दोन थर बोटांनी चाचपले. मी कात्री उचलली. हे कापड पुन्हा कोणत्याच परीला जाणार नाही, हे त्यालाही कळत होतं.
"मी चहा पिऊन येतो," म्हणाला. पाच मिनिटांपूर्वीच पिऊन आला होता.
कापला. खालचे थर वीतभर, वरचे थोडे मोठे. प्रत्येक थराला समोरची लाईन एक खुर्ची पुढे सरकत होती.

२७ डिसेंबर
वर नेऊन दिला. माफी पाठ केली होती, पण तोंडातून "तार डाव्या बाजूला जरा वर आहे" एवढंच निघालं. ती म्हणाली, दिसते मले. घेतला. दार लावलं.

५ जानेवारी
अकोला. एसटीत ती तिच्या आईसोबत पुढच्या सीटवर. मला न्यायचं कारण एकच, ताटाएवढा झगा मांडीवर मावेना आणि दाबला तर तार जाते. मूर्तिजापूरपर्यंत दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा! कंडक्टरनं विचारलं, वरातीचं हाय का? एका मावशीनं तर भाजीची पिशवी ठेवायला त्याच्यावर जागाच शोधली.
हॉलमध्ये समोरची लाईन भरलेली. शुभमही होता, त्याच शर्टात, डाग तसाच. वर्षाली आली तशी शिट्टी वाजली. मी उठलो. मुठी आवळून उठलो. तेवढ्यात तिनं ते काम सुरू केलं. पाय असे चालले, जशा मशीनच्या सुया, पण हवेत. शिट्ट्या आपोआप गेल्या. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. सगळा हॉल तिच्या पायांकडेच बघत होता. मी नेमकं हेच होऊ नये म्हणून एवढा मोठा झगा शिवला होता.
मागच्यानं "बस ना बे, दिसून नाही राह्यलं" म्हटलं, तेव्हा कळलं, मी अजून उभाच आहे.

६ जानेवारी
नागपूरच्या फेरीसाठी निवड झाली! बातमी मामाकडून कळली. माझ्याशी ती अजूनही बोलत नाही.

९ जानेवारी
वर्षाली दुकानात आली. हातात टेप. नागपूरच्या फेरीत जोडीचा नाच आहे, क्लासमध्ये सगळ्या पोरी, आणि झेंडूची पोती उचलणारा तिच्या ओळखीत एकटा मी. नाचायचं नाही, उभं राहायचं, तिला उचलायचं आणि नीट खाली ठेवायचं. तिनं माझं माप घेतलं. कंबर ते घोटा. टेप एकदाही पडला नाही. मग मोबाईलवर पुरुषाचा ड्रेस दाखवला. झगा नाही, काही नाही. नुसती पायांना चिकटलेली पांढरी इजार.
मी पहिलंच काय विचारलं असेल? वरून काही लांब घालता येते का!
"नाही," ती म्हणाली. "अन् शुभमले सांगून ठेव. समोरच्या लाईनीत बस म्हना."