न घेतलेलं नाव

जव्हार, श्रावण २००७

प्रिय नवशी,

तुझा निरोप दोनदा आला, आईचा फोटो छापून ठेव, बाजाराच्या दिवशी येऊन नेते. दोन्ही वेळा मी 'हो' कळवलं. जीभ झडो माझी मेलीची.

ओळखपत्रांच्या शिबिरात तुझी आई, आमची धोंडीमावशी, कॅमेऱ्यासमोर बसायलाच तयार नव्हती, आठवतं? मी पदर सारखा केला, तू मागून वेडावलंस, तेव्हा कुठे हसली. तिचा तेवढाच फोटो. आषाढात ती गेलीच. त्याच शिबिरात मी बायकांवर ओरडत होते, नवऱ्याचं नाव सांगायला लाजता काय गं!

ते फोटो ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवले होते. तो सगळ्या टेबलांवरून उघडतो, फोटो मिसळू नयेत म्हणून कॉम्प्युटरवाल्या सुदर्शनने त्याच्या डिस्कचे भाग पाडले. भागांना तो नुसते आकडे देणार होता. मीच शहाणी! म्हटलं, पाड्यांची नावं द्या, माणसाला पाडा कळतो. साहेबांनी कौतुक केलं, मी आठवडाभर हवेत.

मग जागा संपली. ठाण्याहून सुदर्शनचा फोन आला, जुने भाग पुसतो, ठेवायचा कुठला तेवढं नाव सांगा. बाकी पाड्यांची कार्डं वाटून झाली होती, राहिला होता आपलाच पाडा. आणि समोर बाकावर माझे सासरे, दाखल्यासाठी आलेले. पाड्याचं नाव तेच त्यांचं. लग्नापासून मी ते तोंडातून काढलेलं नाही, 'टेकडीवरचा पाडा' म्हणून निभावते. मी म्हटलं, तिसरा ठेवा. माझ्या पडद्यावर तो तिसरा होता. त्याच्याकडे तिसरा निराळाच निघाला.

घरी सासऱ्यांना सांगितलं, तर म्हणतात, अगं पोरी, घ्यायचंस की, माझं नाव काय झिजणार होतं? तेव्हा तर मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

रविवारी मी कॅमेरा घेऊन पुन्हा वर जातेय. सगळे परत बसतील. मावशीला कुठून आणू? नवशी, तुझ्या आईचा फोटो माझ्यामुळे पुसला गेला. बाजाराला आलीस तर तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून आधीच लिहिलं. माफ कर म्हणायचीही लाज वाटते. जिवापाडा. लिहिलं बघ. त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
योगिता