चतुर्थीचा रोग

रविवार, ५ ऑक्टोबर
सगळ्यांसमोर! स्वालाच्या घरी पहिल्यांदाच जेवायला बोलावलं होतं. मेंढीचं मटण, साखरेत परतलेले बटाटे. मी एवढंच म्हणालो, मला अजून बटाटे हवेत. हालग्रिमुरनं – तिचा बाप, निवृत्त मास्तर – काटा खाली ठेवला. म्हणे, इथं ‘मला’ द्वितीयेत घे, चतुर्थीत नाही. आमच्या भाषेत दोन्हींची रूपं वेगळी. मग बायकोकडे वळून, "पोराला चतुर्थीचा रोग आहे."

सगळे हसले. स्वालासुद्धा.

रोग म्हणे! माझी आई असंच बोलते. तिची आई असंच बोलायची. धक्क्यावरचं कुणीही घ्या, असंच बोलतं. सगळे आजारी?

बटाटे घेतलेच नाहीत.

सोमवार, ६
झोप नाही. कॉलेज ह्याच पायी सोडलं. अव्यय एकच, पण घरात ‘जायचं’ तर एक विभक्ती, घरात ‘असायचं’ तर दुसरी! तोंडी परीक्षेत वाक्यागणिक अडवत होते. दार आपटून निघून आलो. आता मासळीच्या कारखान्यात कॉडचे काटे काढतो. कॉड मला सुधारत नाही.

गुरुवार, ९
पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात अर्धं गाव गळ्यापर्यंत बुडून बसलेलं. बातमी माझ्याआधी पोचलेली. बोटीवरचा ओद्दुर मला म्हणतो, "ब्रांदुरा, पोरगी कुठल्या विभक्तीत मागणार रे?"

हालग्रिमुर पलीकडेच होता. हसला नाही. "बरोबर असेल त्या," म्हणाला.

तसाच ओला घरी आलो. टोपी तिथंच राहिली.

शनिवार, ११
स्वालाला झाडलं. का हसलीस? तर म्हणते, आठवडाभर तुझ्या तोंडी माझ्या बापाचंच नाव, मी कुठाय? सोमवारी आकुरेरीला चाललीय, मावशीकडे. तिथंच राहणार. जा म्हटलं! शुद्ध बोलणारा शोध एखादा!

थोबाड फोडायला हवं माझं. तिच्याशिवाय काय करू इथं?

रविवार, १२
उद्या थांबवायचं तिला. बाकी काही नाही.

सोमवार, १३
थांब्यावर एकटीच होती. बॅग खाली ठेवून म्हणाली, दिवस गेलेत. आमच्याकडे आडनाव नसतं; पोराला बापाचं नाव षष्ठीत लावतात, नाहीतर आईचं – दोन्ही चालतं. "कुणाचं लावू?" एवढंच विचारलं.

मला हवंय, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं – आणि आधी मनात ‘मला’ची विभक्ती तपासली.

"कळलं," ती म्हणाली, आणि बसमध्ये चढली.