जांभळाची काठी

१२ जानेवारी १९४३, पहाटे ५
(खरे म्हणजे सव्वासात.) आजपासून रोज पाचला उठणे. लोणावळ्याजवळच्या औंढे गावची देवराई वाचवायची. जमीन कागदोपत्री पुण्याच्या एका गृहस्थांची. त्यांनी गेल्या वर्षीच झाडे कोळशाच्या ठेकेदाराला देऊन टाकली. युद्धामुळे पेट्रोल नाही, मोटारी कोळशावर धावतात, म्हणून वाघजाई देवीचे हे रान जाळायचे. पण झाडे अजून उभी आहेत, आणि उभी आहेत तोवर मालक गावाला विकायला तयार आहेत. म्हणून वनरक्षण मंडळ काढले. घरटी एक पायली भात, तो विकून रान घ्यायचे, सगळ्या गावाचे करायचे, पुन्हा कुणाला विकता येणार नाही असे. अध्यक्ष माधवराव वकील, सेक्रेटरी मी. पेन्शनीतल्या मास्तराला आणखी काय हवे? सौ. अरुंधती म्हणाली, आधी परसातली तुळस जगवा.

१९ जानेवारी
औंढ्याला गेलो. देवीची दिवाबत्ती करणारी सरुबाई म्हणाली, रान राखनारी ती बसलीया, तुमी कशापायी दमता मास्तर. ठेकेदाराची माणसे दोनदा आली आणि शिवेवर कुऱ्हाडी ठेवून माघारी गेली. त्यांचा मुकादम नथू इथलाच. या रानातली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. नेली तर घरातले माणूस जाते म्हणे. काय हे अज्ञान. रान कायद्याने राखायचे असते, भीतीने नव्हे. भाताला मात्र सगळे राजी. वाघजाईचं हाय, न्हाई कसं म्हनायचं, म्हणाले. कारण काही का असेना.

३१ जानेवारी
औंढ्याला देवराईच्या कडेला मीटिंग. सव्वा तास बोललो. तिघे झोपले, दमले असतील. शेवटी सर्वांसमक्ष देवराईतल्या जांभळाची फांदी मोडली आणि विचारले, बघा, मला काय झाले? कोणी बोलेना. पटले की माणूस असाच गप्प होतो. नथू पुढे येऊन फांदीला बोट लावून गेला. हुशार आहे. सरुबाई चहा न घेताच उठली. तिचे गुडघ्याचे दुखणे जुनेच.
फांदीची काठी करून घेतली. झकास झाली.

१६ फेब्रुवारी
मंडळाची घटना लिहितो आहे. कलम सातमधला स्वल्पविराम माधवरावांना मान्य नाही. दोन आठवडे त्यातच गेले. भात चारच घरांतून आला. बाकीचे म्हणतात, देवी काय करत न्हाई तर भात कुनाला द्यायचा. यांना तर्कशास्त्र शिकवले पाहिजे.
पाचला उठणे उद्यापासून.

३ मार्च
नथू लोणावळ्याला घरी आला. मास्तर, त्या दिसापासनं ताप बीप न्हाई ना आला? घरात समदी बरी हायती? म्हटले, ठणठणीत. त्याने अरुंधतीलाही विचारून घेतले. काठी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. मग बरं हाय, म्हणाला आणि गेला. माझ्या तब्येतीची एवढी काळजी पोटच्या मुलांनी कधी केली नाही.

१८ मार्च
कलम सात एकदाचे बसले. घटना गावाला वाचून दाखवायला निघालो. खिंडीतून रान दिसेना. वाट चुकलो असे वाटून मागे फिरलो, पुन्हा आलो. वाट तीच होती.
भट्ट्यांतून धूर निघत होता. नथू समोर आला, मान खाली. म्हणाला, आमी वरीसभर न्हाई म्हनत हुतो मास्तर. तुमी फांदी मोडली, तुमास्नी काय झालं न्हाई. घरात पोरं उपाशी. आता काय सांगून न्हाई म्हनायचं? मी घटनेचे कागद घडी करून खिशात ठेवले.
सरुबाई वाघजाईच्या शेंदरी दगडावर पदर धरून उन्हात बसली होती. चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. नुसते म्हणाली, तिला उनाची सवं न्हाई हो मास्तर. मी थोडा वेळ छत्री धरली.

१९ मार्च, पहाटे ५
खरोखर पाच. झोपच नव्हती. (पुढचे रात्री लिहिले.)
रानाची वस्तू रानात ठेवावी म्हणून काठी घेऊन औंढ्याला गेलो. जिची फांदी मोडली त्या जांभळीच्या बुंध्याशी ठेवायची होती. सगळे बुंधे सारखेच. दीड तास शोधले. सरुबाई म्हणाली, काय हरवलं का मास्तर?
काठी घरी परत आणली.