‘कच्ची’ नावाचं फोल्डर

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर विचारलं की तू दोन मिनिटांत खेकसतेस, म्हणून पत्र. बाबांचा लॅपटॉप चालू व्हायला इतका वेळ घेतो, की ते बटण दाबून दाढी करायला जातात. मी मोठ्या उत्साहाने नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची सीडी आणली, तर त्या यंत्राला सीडी घालायला तोंडच नाही! चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. बाबा म्हणाले, चष्मे करणाऱ्यालाच दिसेना, तर गिऱ्हाइकांचं कठीण आहे.

आता काय करायचं ते सांग. बाबांसमोर तुझं नाव काढलेलं नाही. नऊ वर्षांत काढलं नाही, ते एका लॅपटॉपसाठी कशाला काढू? आई बरी आहे. कानांनी पार दगा दिलाय, फोन दिला तर तसाच परत करते. तुझ्या पत्राची तेवढी वाट बघते.

या अडाण्यावर जीव असू दे.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. चष्मेवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

ती सीडी चहाच्या कपाखाली ठेव. एक रिकामा पेनड्राइव्ह घे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर सिस्टीमची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर चढव. नुसती कॉपी करून भागत नाही, त्यासाठी छोटं सॉफ्टवेअर असतं, त्याचं नाव सोबतच्या चिठ्ठीवर आहे. मग पेनड्राइव्ह लॅपटॉपला लाव आणि बटण दाबल्या दाबल्या एफ बारा टकटकत राहा. यादी येईल, त्यात पेनड्राइव्ह निवड. पण त्याआधी लॅपटॉपवर असेल नसेल ते सगळं दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घे. जुनं सगळं पुसलं जातं. मागाहून माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत.

आपले हेडमास्तर, म्हणजे बाबा, म्हणतील, काही ठेवायची गरज नाही. त्यांचं ऐकू नकोस. मी फक्त एवढंच म्हणाले होते, की टाइपरायटरचे दिवस संपले, आता तुमचा टायपिंगचा क्लास बंद करा. चार विद्यार्थ्यांसमोर म्हणाले आणि समोरच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागले, ही माझी चूक. पण ‘तुझं तोंड बघणार नाही’ म्हणाले ते खरोखरच बघितलं नाही! दगडाला पाझर फुटेल, त्यांना नाही.

जाऊ दे. आईचं पत्र कालच आलं. माझ्या खोकल्यावर दीड पान लिहिलंय! त्या घराशी माझा धागा टिकला तो तिच्या पत्रांमुळे, नाहीतर मी केव्हाच परकी झाले असते.

काम झालं की कळव, आणि बहिणीला धरून राहा.

तुझी,
ताई

१७ मार्च

ताई,

नमस्कार वगैरे राहू दे. आधी खाली बस.

पेनड्राइव्ह तयार झाला. बाबा म्हणाले, काही काढून घेऊ नकोस, सरळ पुसून टाक. दोनदा म्हणाले. मी तुझं ऐकलं. कॉपी करताना ‘कच्ची’ नावाचं फोल्डर दिसलं. कच्चं केल्याशिवाय पक्कं करायचं नाही, हा क्लासातला त्यांचा नियम तुला पाठच आहे. मला वाटलं अर्जबिर्ज असतील. आत एकशे आठ फाइली, प्रत्येकीवर तारीख. शेवटची उघडली. ‘चि. ठमीस, खोकला अंगावर काढू नकोस’ इथून सुरुवात, मग दीड पान, आणि खाली ‘तुझी आई’.

मागे मागे जात नऊ वर्षांपूर्वीपर्यंत पोचलो. ताई, आईची पत्रं बाबा लिहितात. आई ती फक्त आपल्या अक्षरात उतरवते.

मी कागदावर प्रश्न लिहून आईसमोर धरला. ती खुदकन हसली! म्हणाली, पहिली दोन तिची होती, चार-चार ओळींची. ती बघून बाबा म्हणाले, एवढ्याने पोरीचं कसं भागेल? वर आईने मलाच दटावलं, की त्यांना कळू देऊ नकोस, शरमेने मरतील.

मी अजून काहीही पुसलेलं नाही. काय करू?

तुझा,
धाकटा

२२ मार्च

अरे,

तुझं पत्र मी वर्गात उघडलं. मुलांना सुट्टी देऊन टाकली.

मी आईला काय काय लिहिलंय याची तुला कल्पना नाही! बाबा हेकट आहेत, दगड आहेत, असा नवरा तुझ्या पदरी पडला याची कीव येते. सगळं त्यांनीच वाचलं? आणि उत्तरही दिलं? एकदा उत्तर आलं होतं, ‘हेकट आहेत खरे, पण तू कोणावर गेलीस याचाही विचार कर.’ मी हसून हसून लोळले होते. आई केवढी हजरजबाबी झाली म्हणून!

आणि माझं बाळ पोटातच गेलं, ते मी फक्त आईला कळवलं होतं. तेव्हा आलेलं पत्र अजून उशाशी असतं. तेही त्यांचंच?

मला राग आलाय. रडूही आवरत नाही. आईला पत्र लिहायला बसले तर कोणाला लिहितेय तेच कळेना. त्यांना सांगू नकोस म्हणणार होते, पण का नाही सांगायचं? स्वतःच्या नावाने एक ओळ लिहिली असती, तर मी धावत आले असते. आता ती ओळ आली तरच. नाहीतर यापुढे त्या घरी माझं पत्र येणार नाही, आईलासुद्धा नाही.

तू मात्र मला अंतर देऊ नकोस.

ताई

२९ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र कच्चं न करता लिहितो आहे. खाडाखोड चालवून घे.

तुझी या महिन्यातली दोन्ही पत्रं तुझ्या भावाने माझ्या चष्म्याशेजारी ठेवली आणि तो दुकानात निघून गेला. मी ती वाचली. पहिला विचार आला तो पुरावा नष्ट करण्याचा. पेनड्राइव्ह लावला, एफ बारा टकटकलं. सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का, असं यंत्राने विचारलं. मी ‘हो’ केलं. अर्ध्या तासात लॅपटॉप नवाकोरा झाला, आता पटकन चालू होतो. तुझ्या सूचना अगदी स्पष्ट होत्या. नंतर कळलं, की चिरंजीवांनी नकला आधीच काढून ठेवल्या आहेत.

क्लास तू म्हणालीस तसा बंद पडला, तोही दीडच वर्षात. तेव्हाच लिहायला हवं होतं. बाप म्हणून लिहायला बसलो की शब्द सुचायचा नाही, आणि आई म्हणून बसलो की पानं भरायची. बाळाचं तुझं पत्र आईने वाचून माझ्या हातात दिलं. त्याचं उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. दगड म्हणालीस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस, ते मला पटलेलंच होतं. तुझा लोभ इतकी वर्षं आईच्या नावावर घेतला. माझ्या नावावर थोडा मिळाला तर बघ.

एक सांगायचं आहे. सही सोडली तर त्या पत्रांत एकच गोष्ट खोटी आहे. तिसऱ्या वर्षी तू आईला विचारलं होतंस, की बाबा कधी माझी चौकशी करतात का. मी उत्तर केलं, ‘नाही.’ ते उतरवायला तुझी आई तयार नव्हती, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मीच हट्टाने उतरवायला लावलं.

ते पत्र तुझ्याकडे असेल, तर तो शब्द खोड आणि वर ‘रोज’ असं लिही.

तुझे,
बाबा